गुळगुळीत भिंतीची कुळकथा

दसरा उलटला की आमच्या बदलापूरच्या घरातले सामान अंगणात यायचे. कपाटे, पेट्या, उतरंडीची भांडी, आजोबांची आरामखुर्ची आणि भिंतीवरच्या तसबिरी अशी सगळी मंडळी आठ दिवस ओसरीवर वस्तीला असत, आणि घरात मुक्काम असे तो चुन्याच्या वासाचा. चकलीचा वास त्याच्यामागून येई. आम्हां मुलांच्या लेखी दिवाळीची सुरुवात वसुबारसेला होत नसे. रंगारीमामा खांद्यावर शिडी आणि हातात पत्र्याचा डबा घेऊन फाटकात उभे राहिले, की ती होत असे.

मामांची एक लकब होती. कुंचा पाण्यात बुडवण्यापूर्वी ते भर दिवसा खोलीची दारेखिडक्या लावून घेत, आईकडून तेलाचा दिवा मागून घेत आणि तो भिंतीला जवळजवळ टेकवून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू फिरवीत. जी भिंत सकाळच्या उन्हात अगदी सपाट दिसली होती, तिच्यावर त्या तिरप्या उजेडात डोंगरदऱ्या उभ्या राहत. प्रत्येक टवक्याची सावली पडे, प्रत्येक फुगवटा पोट पुढे काढी. मामा खडूने खुणा करीत जात आणि अण्णांना म्हणत, "मास्तर, समोरून उजेड टाकला तर भिंत काही कबूल करीत नाही. बाजूने टाकला की सगळे सांगते."

आमचे अण्णा शाळेत इतिहास शिकवीत. मामांचे हे वाक्य त्यांना इतके आवडले, की दस्तऐवज कसा वाचावा हे सांगताना ते वर्गात त्याचा दाखला देत. मी इतिहासाचा शिक्षक झालो नाही. पण तो दिवा माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे जिथे जिथे जुनी भिंत दिसली, तिथे तिथे मी बाजूने पाहत आलो. त्या पाहण्यातून जे हाती लागले, ते यंदाच्या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो. फराळाच्या ताटाशेजारी भिंतीचा विषय थोडा रुक्ष वाटेल. पण रंगाच्या खर्चाचा हिशेब ज्या घरात आताच झाला असेल, तिथे तो अगदीच अस्थानी होणार नाही.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. भिंत रंगाने गुळगुळीत होत नाही. रंगाचा वाळलेला एक हात आपल्या डोक्याच्या केसाहूनही बारीक असतो. तो खड्डा भरणार कसा? गुळगुळीतपणा असतो तो रंगाखालच्या थरांत, आणि त्या थरांना दिलेल्या वेळात. हे एवढे कळायला माणसाला दोन हजार वर्षे लागली नाहीत. उलट दोन हजार वर्षांपूर्वी ते पक्के ठाऊक होते, आणि आपणच ते हळूहळू विसरत आलो, अशी या कुळकथेची गंमत आहे.

•

आमच्या टापूतली सर्वांत जुनी भिंत पाहायची तर अंबरनाथला उतरून वालधुनीच्या काठी जावे. तिथले शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा आणि मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीतला आहे. या देवळाच्या भिंतीला गिलावा नाही आणि रंगही नाही. काळ्या पाषाणावर छिन्नी चालवून, घासून, जे काही नितळ करायचे ते दगडातच केलेले आहे. गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जाताना अंधारात हात सहज भिंतीवर टेकतो, आणि साडेनऊशे वर्षांच्या हातांनी झिजून गार झालेला तो दगड तळव्याला लागतो. इ. स. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी इथे येऊन देवळाची रेखाटने केली आणि शिल्पांचे साचे घेतले. ज्या भिंतीने स्वतः कधी गिलावा अंगाला लावून घेतला नाही, तिची प्रतिमा अशी लेपातून उतरून दूर गेली.

पण दगडाला गिलावा नकोच, असे मात्र कोणी समजू नये. अजिंठ्याच्या लेण्यांत कारागिरांनी भिंती मुद्दाम खडबडीत ठेवल्या, कारण गिलाव्याला धरायला काहीतरी हवे. त्या खडबडीवर पहिला थर मातीचा. त्यात भाताचे तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू आणि दगडाची कच. त्यावर दुसरा थर अधिक बारीक मातीचा, आणि सर्वांत वर अंड्याच्या कवचासारखा पातळ पांढरा लेप. पद्मपाणी आपल्याकडे पाहतो आहे तो या लेपावरून. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. खाली जाड, वर बारीक आणि सर्वांत वर नितळ, हा क्रम तेव्हा ठरला तो आजतागायत बदललेला नाही. आज आमच्या भागात उभ्या राहणाऱ्या इमारतीतला गवंडी हाच क्रम पाळतो. फक्त त्याला अजिंठ्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

•

राजे आणि भिक्षू सोडून आपल्यासारख्यांच्या घराकडे यावे, तर उल्हास नदीच्या खोऱ्यातली जुनी भिंत म्हणजे कूड. डोंगरातून कारवी आणायची, ती उभी बांधायची आणि दोन्ही अंगांनी माती आणि शेण यांचा लेप द्यायचा. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर अशा भिंती मी लहानपणी भरपूर पाहिल्या आहेत. त्या भिंतीला रंगारी लागत नाही. घरची बाई हीच तिची रंगारीण. ओल्या शेणामातीवरून तिच्या पंजाचे अर्धवर्तुळाकार फराटे एका मापाचे उमटतात. ती भिंत काचेसारखी गुळगुळीत नसते, पण एकसारखी असते, आणि दिवाळीच्या पणतीच्या उजेडात त्या फराट्यांची सावली फार सुरेख पडते.

त्यावरची पायरी चुन्याची. आमचे जुने घर विटा आणि चुन्यात बांधलेले होते. आजोबांनी ते बांधले तेव्हा चुना बाजारातून पुडीत येत नसे. चुनखडी भट्टीत भाजायची, म्हणजे कळीचा चुना मिळतो. कोकणपट्टीवर खाडीकाठी शिंपले भाजूनही तो करीत. कळीवर पाणी ओतले की ती खदखदू लागते, इतकी की जवळ उभे राहवत नाही. असा विझवलेला चुना खड्ड्यात दिवस-दिवस मुरवीत ठेवायचा. मग वाळू घालून तो घाणीत मळायचा. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक आणि ते ओढणारे बैल. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पाणी, तागाचे तुकडे, ज्या गवंड्याची जी परंपरा असेल ते ते त्यात पडे. आजी म्हणायची, की घर बांधताना घरातल्यापेक्षा भिंतीने गूळ जास्त खाल्ला.

जाड गिलावा बसला की शेवटचा हात नीरूचा. नीरू म्हणजे फडक्यातून गाळलेला, लोण्यासारखा मऊ चुना. तो पातळ थापून, ओलसर आहे तोवर गुळगुळीत गोट्याने घोटायचा. घोटायचा म्हणजे खरोखर घोटायचा. एकेका हाताएवढ्या जागेवर तास-तास. वरून शंखजिऱ्याची पूड चोळली, की भिंतीला अशी झाक येई की दिव्याची ज्योत तिच्यात दिसावी. पेशवाईतल्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात, ज्या भिंतींवर चित्रे काढली गेली त्यांची पूर्वतयारी अशाच घोटाईतून झालेली असे. चित्रकाराचे नाव क्वचित मागे राहते, पण घोटणाऱ्याचे कुठेच राहत नाही.

आता चुन्याची जादू काय, ते थोडक्यात सांगतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापली की तिच्यातला कर्बवायू उडून जातो आणि कळी उरते. कळीला पाणी मिळाले की विझवलेला चुना होतो. तो भिंतीवर चढला, की हवेतून तोच कर्बवायू पुन्हा हळूहळू आत ओढून घेतो आणि परत चुनखडी बनतो. म्हणजे दगडाचा चुना होतो आणि चुन्याचा पुन्हा दगड. पण हे परत दगड होणे एका दिवसाचे काम नव्हे. त्याला महिने लागतात, आणि भिंत जाड असेल तर वर्षे. तोवर भिंत ओल घेते, सोडते, श्वासोच्छ्वास करते. चुन्याच्या भिंतीशी घाई करता येत नाही, कारण तिचे अर्धे काम हवा करीत असते, आणि हवा कोणाच्या रोजावर नसते.

•

१८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली आणि १८५६ साली पळसदरी-खोपोलीपर्यंत गेली. बदलापूर, अंबरनाथ ही गावे रुळांच्या कडेला आली. रुळांवरून कारखाने आले, आणि विसाव्या शतकात सिमेंटही आले. सिमेंटने बांधकामाचे घड्याळच बदलले. चुना जे महिन्यांत करी, ते सिमेंट दिवसांत करू लागले.

मग दुसरे महायुद्ध आले. कल्याणजवळच्या मोकळ्या माळावर लष्कराने आपली छावणी उभी केली आणि दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या. युद्धात भिंतीला कोणी गोंजारीत बसत नाही. बराक म्हणजे पाऊस-वारा अडला की झाले. १९४७ साली फाळणी झाली, आणि या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पण लोकांच्या तोंडी कॅम्प एक ते कॅम्प पाच हीच नावे राहिली, आणि पत्त्यात बराकीचा क्रमांक.

एका लांबच लांब बराकीत अनेक कुटुंबे. मधली भिंत म्हणजे गोणपाटाचा किंवा चादरीचा पडदा. पुढे ज्याच्या हाती चार पैसे आले त्याने पडद्याच्या जागी विटांची भिंत घातली. अण्णांचे एक सहकारी शिक्षक अशाच एका बराकीत राहत. १९६० नंतरच्या एका दिवाळीत अण्णा मला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे दिवाळीला डियारी म्हणतात आणि मातीची हटरी पुजतात. मला ती हटरी फार आवडली. पण त्या घरातल्या वृद्ध आजी माझ्याकडे न पाहता अण्णांशी भिंतीबद्दल बोलत होत्या. ज्या भिंतीशी हटरी मांडली होती तिच्यावरून त्यांनी तळहात फिरवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगितले, की सिंधमध्ये आमच्या घरची भिंत लोण्यासारखी होती, ही अंग खरवडते. आणि एक शब्द उच्चारला, "चिरोली."

त्या शब्दाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडला. चिरोली म्हणजे जिप्सम. ते भाजून, पूड करून, पाण्यात कालवून त्याचा गिलावा करायची सिंधमध्ये जुनी रीत आहे. किती जुनी? मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध स्नानकुंडाच्या विटा जिप्समच्या दर्जात बसवलेल्या आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांची सवय. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजले की त्यातले बरेचसे पाणी जाते. पुन्हा पाणी दिले की अर्ध्या तासात ते घट्ट होते. युरोपात पॅरिसजवळच्या खाणींवरून त्याला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पडले. आज आमच्या प्रत्येक नव्या फ्लॅटात जे पीओपी मारतात ते हेच. ज्या चिरोलीची आठवण घेऊन ती आजी आली होती, तीच पन्नास वर्षांनी तिच्या नातवंडांच्या छताला फिरंगी नावाने चिकटली!

अण्णांनी रंगारीमामांना तिकडे पाठवले. मामांनी दिवा फिरवला, भिंतीला हात लावला, आणि काम करायला नकार दिला. विटांची भिंत घालून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. "माताजी, भिंत अजून ओली आहे. आता रंग दिला तर पावसाळ्यात सोलून निघेल. पुढच्या दिवाळीला करू." मामांना वाटले, म्हातारी रागावेल. ती हसली आणि म्हणाली, इतकी वर्षे थांबले, आणखी एक वर्ष थांबते.

हा प्रसंग अण्णा नेहमी सांगत, आणि शेवटी एक वाक्य आपले जोडीत: परत जायची आशा आहे तोवर माणूस छावणीची भिंत गुळगुळीत करीत नाही. ज्या वर्षी त्या बाईने भिंतीला रंग काढायचे ठरवले, त्या वर्षी ती उल्हासनगरची झाली. पाठ्यपुस्तकात निर्वासितांच्या पुनर्वसनाची तारीख शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

•

पुढच्या दिवाळीपूर्वी मामांनी ते काम केले, आणि मी हट्टाने बरोबर गेलो. तोवर आमच्याकडे कारखान्यातले रंग स्थिरावले होते. हावड्याजवळ शालिमारचा कारखाना १९०२ पासून चालू होता. मुंबईत लोअर परळला १९२० साली सुरू झालेल्या कारखान्यातून पुढे नेरोलॅक घराघरांत गेले. महायुद्धात परदेशी रंग येईनासे झाले तेव्हा, १९४२ साली, गिरगावातल्या चौघा मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. आणि १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला घेतलेला, कपाळावर बट आलेला खोडकर गट्टू काढला. आम्ही मुले त्या गट्टूला मामांचा भाचा समजत असू.

चुन्याची सफेदी, मग डिस्टेंपर, मग तेलाचा रंग अशी प्रतिष्ठेची चढती भाजणी होती. डिस्टेंपर म्हणजे मुख्यतः खडू आणि सरस. भिंतीला टेकून बसले की पाठीवर त्याचा ठसा येई, आणि कोणाच्या घरी पाहुणचार घेऊन आलो ते आईला न सांगता कळे. तेलाचा रंग धुता येई, चमके. म्हणून तो ज्याच्या घरी, तो सधन.

आता मामांची रीत ऐका. आधी पत्र्याने खरवडून जुने, सुटे झालेले सगळे काढायचे. मग अस्तराचा एक पातळ हात, म्हणजे भिंतीची तहान भागते; नाहीतर ती वरच्या थरातले तेल पिऊन टाकते आणि थर भुसभुशीत होतो. मग लांबी. रंगाऱ्याच्या भाषेत लांबी म्हणजे खड्डे भरायचा लगदा. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल कणकेसारखे मळून ती करीत. "उद्या लांबी भरायची" हे ऐकून मी एकदा घरातून मोजपट्टी नेली होती, त्यावरून मामा वर्षभर हसत होते. लांबी लवचीक पत्र्याने ओढायची, जाड नाही, पातळ. ती पूर्ण वाळू द्यायची. मग पॉलिश पेपरने घासायची, आधी खरखरीत, मग बारीक. धूळ कोरड्या फडक्याने पुसायची. पुन्हा दिवा. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, पुन्हा दिवा. मग पुन्हा अस्तर, आणि शेवटी रंगाचे दोन हात. पंधरा दिवसांच्या कामात रंग द्यायला दोन दिवस, बाकीचे तेरा दिवस लोक विचारीत, "मामा, रंग कधी सुरू करणार?"

नव्या सिमेंटवर तेलाचा रंग का टिकत नाही, याचे त्यांचे उत्तर होते, "भिंत साबण करते." हे मला विनोद वाटे. पुढे कळले की ते अक्षरशः खरे आहे. ताजे सिमेंट तीव्र क्षारयुक्त असते; त्यात ओल असली की तो क्षार तेलावर चढतो, आणि तेल आणि क्षार मिळून जे होते तेच साबण. रंग चिकट होतो, डाग पडतात, पापुद्रे सुटतात. म्हणून नव्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी द्यायचे, मग किमान महिनाभर वाळू द्यायचे, आणि आमच्यासारख्या पावसाळी मुलखात जमल्यास एक पावसाळा जाऊ द्यायचा. मामांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांच्या कपड्यांना ते ठाऊक होते.

त्या घरची भिंत झाली. हटरी मांडली, दिवे लावले. आजींनी तळहात फिरवला आणि मामांच्या डोक्यावर ठेवला. पन्नाशीचे मामा लहान मुलासारखे लाजले.

•

कुळकथेत चांगल्याच गोष्टी येतात असे नाही. आमच्या घरचीही एक सांगितली पाहिजे, कारण तीत चूक माझी होती. मामा गेल्यावर मी पुढल्या खोलीचा जुना चुना काढून सिमेंटचा गिलावा केला आणि वर तेलाचा रंग चढवला. मागची खोली जुनीच ठेवली, केवळ पैसे संपले म्हणून. पुढली खोली पाहून लोक वाहवा करीत. मागल्या खोलीत कोणाला नेत नसू.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी गावात शिरली. दोन्ही खोल्यांत सारखेच पाणी, सारखाच गाळ. पाणी ओसरल्यावर मागल्या खोलीची चुन्याची भिंत काळवंडली, कळकट झाली, पण हळूहळू सुकू लागली. दिवाळीत तिच्यावर सफेदीचे दोन हात दिले आणि ती घरंदाज बाईसारखी पुन्हा उभी राहिली. पुढल्या खोलीच्या चकचकीत भिंतीवर मात्र आधी फोड आले, मग पांढरा क्षार फुटला, मग पापुद्रे लोंबू लागले. पाण्याला आत शिरायला विटांतून वाट होती. बाहेर यायला रंगाने ठेवली नव्हती. तो सगळा रंग खरवडून काढला आणि भिंत उघडी ठेवून एक हिवाळा आणि एक उन्हाळा थांबलो. जे मामा फुकट शिकवीत होते, ते मी पुरेसे पैसे मोजून शिकलो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले, तेव्हा टीव्हीवर ते पाहताना मला प्रवाशांच्या काळजीपाठोपाठ गावातल्या भिंतींची काळजी वाटली, याचे हे कारण.

पण माझी चूक रंगापुरती होती. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि खाली राहणारी माणसे दगावली. त्या घरांच्याही भिंतींना कधीतरी हौसेने रंग दिलेला असणार. तेव्हापासून गुळगुळीत भिंत पाहिली की मला नुसता आनंद होत नाही, एक प्रश्नही पडतो: हिने काय भरले आहे, आणि काय झाकले आहे? लांबी खड्डा भरते, तशी ती भेगही बुजवते. केसासारखी बारीक, नुसत्या गिलाव्यातली भेग बुजवायला हरकत नाही. पण जी भेग तिरपी धावते, वर्षागणिक रुंद होते, खांबात किंवा तुळईत आहे. जिथे तांबूस गंजाचे ओघळ आहेत. जिथे टिचकी मारली तर पोकळ वाजते, तिथे रंगारी बोलावू नये, बांधकामाचा जाणकार बोलावावा. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. तिच्यावर कितीही नितळ लेप दिला तरी ती आत फुगतच राहते. मामा असते तर त्यांनी तिथे दिवा धरला असता आणि डबा उचलून परत गेले असते. काम नाकारणारा रंगारी हा घराचा मोठा हितचिंतक, हे आपल्याला फार उशिरा कळते.

•

आज अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवर इमारतींची रांग लागली आहे. नव्या जोडप्याला ताबा मिळतो तो गुळगुळीत भिंतींसकट. घाणीच्या जागी पिशवीतला गिलावा, लांबीच्या जागी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, दिव्याच्या जागी विजेचा झोत, तेलाच्या जागी पाण्यात मिसळणारा रंग. यात वाईट काही नाही. पुट्टी चांगली आहे, तिचे दोन पातळ थर पुरतात, आणि पाण्याच्या रंगातून ओल थोडीफार बाहेर जाऊ शकते. वाईट इतकेच, की सगळे बदलले तरी ओलीचे घड्याळ बदललेले नाही. भिंतीला जेवढे दिवस हवेत तेवढे हवेतच. ते कोणत्याही डब्यात मिळत नाहीत.

पेपर मारताना जी धूळ उडते ती रंगाऱ्याच्या छातीत जाते. मामांना शेवटी खोकल्याने फार छळले. त्या काळी आम्ही त्यांना चहा विचारला, तोंडाला बांधायला फडके द्यायचे सुचले नाही. यंदा ज्यांच्याकडे काम चालू असेल त्यांनी रंगाऱ्याला चांगला मास्क आणून द्यावा. त्याची किंमत एका डब्याच्या झाकणाएवढीही नाही. आणि जुन्या घरातला जुना तेलरंग कोरडा घासू नये, ओला करून काढावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, कारण जुन्या रंगांत शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे थर आपल्या भिंतींवर अजून आहेत.

असो. उल्हासनगरातली ती बराक आता नाही. तिथे मजले चढले आहेत. आमच्या घराची मागली खोली आहे. यंदाही तिला सफेदीचे दोन हात दिले. काम उरकल्यावर मी खिडक्या लावून घेतल्या, पणती भिंतीला टेकवली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवली. डोंगरदऱ्या पुष्कळ दिसल्या. माझी नात म्हणाली, "आजोबा, ही भिंत सरळ नाही." मी म्हटले, "नाही. पण ती खरे सांगते."

तिने पणती माझ्या हातातून घेतली आणि कोनाड्यात ठेवली.